चोथाप्रवेशिका

ही पुस्तिका खोपोली आणि पंचक्रोशीतल्या अशा घरांसाठी आहे, जिथे पान वाढताना भाजी जिथे वाढली जाते, पान उचलतानाही ती तिथेच असते. शिळफाट्यापासून लौजीपर्यंत ती कुठेही वापरता येईल. घाटावरच्या वाचकांनी आपापल्या जबाबदारीवर वापरावी. त्यांच्याकडे ज्वारीची भाकरी असल्याने त्यांचा अर्धा अभ्यासक्रम आधीच झालेला असतो.

साहित्य: एक चोखंदळ माणूस (विकत आणावा लागत नाही, घरात आपोआप मिळतो). चोथा, म्हणजे डॉक्टर ज्याला फायबर म्हणतात तो, बाजारभावाप्रमाणे. पाणी भरपूर. संयम असल्यास उत्तम. नसल्यास गॅस बारीक करून पाच मिनिटं गॅलरीत उभं राहावं.

प्रमाण: जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली आकडे दिले आहेत. दोन ते पाच वर्षांच्या मुलाला दिवसाला किमान १५ ग्रॅम, सहा ते नऊ वर्षांच्या मुलाला २१ ग्रॅम आणि दहाच्या पुढे सगळ्यांना २५ ग्रॅम. हे आकडे भिंतीवर लावू नयेत. भिंतीवर लावलेली गोष्ट खायची नसते हे मुलांना शाळेतल्या तक्त्यांवरून पक्कं ठाऊक असतं.

पायरी पहिली: सदर व्यक्ती ओळखणे

नवशिके इथेच फसतात. घरात चोखंदळ कोण, असं विचारलं की सगळ्यांची बोटं सहा-सात वर्षांच्या छोट्या साहेबांकडे जातात. छोटे साहेब चार गोष्टी खातात: वरणभात, बटाटा, बिस्किट आणि वडा. कोथिंबिरीचं पान दिसलं की ते चिमटीत धरून ताटाच्या कडेला लावतात, पोलिस पंचनाम्यात वस्तू मांडतात तसं. त्यांच्याबद्दल सगळ्या सोसायटीला माहीत असतं.

मोठ्या साहेबांबद्दल कुणाला माहीत नसतं. मोठे साहेब पंचेचाळीशीचे, कंपनीत फर्स्ट शिफ्टला जाणारे. ते म्हणतात, "माझं काही नसतं बुवा, मी सगळं खातो." ‘सगळं’ म्हणजे दुधी, पडवळ, गवार, कारलं, शेपू, लाल भोपळा आणि वांग्याची भरीत सोडून इतर कुठलीही रूपं वगळून उरलेलं सगळं. डब्यातली गवार ते कंपनीत सहकाऱ्याला देतात आणि डबा स्वच्छ घरी आणतात, त्यामुळे त्यांची नोंद ‘चांगला खाणारा’ अशी झालेली असते. पण छोट्या साहेबांनी रविवारच्या जेवणाला बाबांचा हात भाजीवरून न थांबता लोणच्याकडे जाताना बघितलेला असतो.

तेव्हा सदर व्यक्ती म्हणून मोठ्या साहेबांचं नाव लिहावं. छोट्या साहेबांचं पुरवणीत घ्यावं.

पायरी दुसरी: वड्याची कायदेशीर बाजू

खोपोलीत राहून वडा बंद करणे ही कल्पना दुसऱ्या गावातून आलेल्या माणसालाच सुचते. एकीकडे कर्जत स्टेशनचा दिवाडकरांचा वडा, दुसरीकडे आपल्या जुन्या हायवेवरचा रमाकांतचा. त्या दोघांच्या मधल्या पट्ट्यात ज्याचा जन्म गेला त्याला वड्यावाचून जगायला लावणं माणुसकीत बसत नाही. म्हणून वडा ठेवावा आणि त्याची उलटतपासणी करावी.

वड्याचा चोथा बटाट्यात नसतो, म्हणजे अगदी थोडा असतो. तो असतो वरच्या पिवळ्या आवरणात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली भारतीय अन्नघटकांचे तक्ते काढले. त्यात हरभऱ्याच्या डाळीत शंभर ग्रॅमला सुमारे १५ ग्रॅम चोथा दिला आहे. अख्ख्या हरभऱ्यात तो २५ आहे. मधले दहा ग्रॅम सालाबरोबर गेले. बेसन म्हणजे डाळीचं पीठ, तरी ते वड्यातलं सगळ्यात सज्जन पात्र. पाव मात्र मैद्याचा. कणकेत शंभर ग्रॅमला ११ ग्रॅमच्या वर चोथा असतो आणि मैद्यात पावणेतीन. म्हणजे तोच गहू, पण पावापर्यंत पोचेपर्यंत तीन चतुर्थांश माल वाटेतच उतरवलेला.

कृती: वडा पोळीत गुंडाळून द्यावा. शेजारी कोबी-गाजराची कोशिंबीर ठेवावी आणि तिच्याबद्दल अवाक्षर काढू नये. "वड्याबरोबर कोशिंबीर खायची असते हं" हे वाक्य उच्चारल्याबरोबर कोशिंबिरीचं रूपांतर औषधात होतं. मोठे साहेब पावच मागतील. पाव संपला म्हणावं. खोपोलीत पाव संपला यावर त्यांचा विश्वास बसणार नाही, पण खाली उतरून आणायचा कंटाळा बहुधा जिंकतो.

पायरी तिसरी: वेषांतर, आणि ते का करू नये

या विषयावरच्या इतर पुस्तिकांत वेषांतराला फार मान आहे. पालक वाटून पराठ्यात, दुधी किसून थालीपिठात, बीट इडलीत. एकदोनदा जमतंही. पण छोट्या साहेबांचं तपासकौशल्य कमी समजू नये. ते पराठा उजेडासमोर धरतात. फाडून वास घेतात. आणि एकदा का माल सापडला की मग निर्दोष पराठाही संशयित होतो. चांगला चाललेला पदार्थ हातचा जातो, पालक तर आधीच गेलेला असतो.

नाचणीचं असंच. डोंगरउतारावरची ठाकूरवाडीतली नाचणी, तक्त्यात शंभर ग्रॅमला ११ ग्रॅम चोथा, २०२३ साल तर संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचं वर्ष म्हणून जाहीर केलेलं, म्हणजे आंतरराष्ट्रीय पाठिंबा. आई उत्साहाने म्हणते, "ही बघ चॉकलेटची भाकरी!" छोटे साहेब पहिला घास घेतात आणि आईकडे बघतात. त्या नजरेला उत्तर नसतं. नाचणीला नाचणी म्हणावं. तांदळाच्या पिठात सुरुवातीला चमचाभर मिसळावी, मग मूठभर, आणि भाकरी तव्यावरून थेट पानात पडेल अशा वेळी सगळ्यांना बसवावं. गरम भाकरी, वर लोणी किंवा तीळकुटाची चटणी. तरीही रंग बघून नाक मुरडलं तर ती भाकरी आपण खावी, चवीने खावी, आणि दुसरी करून देऊ नये.

भातासाठी वेगळी पायरी लिहिणार होते, पण ओळीतच उरकते. कर्जतच्या भात संशोधन केंद्रात कोकण कृषी विद्यापीठाची माणसं वर्षानुवर्षं वाण सुधारतात, कर्जत-३, कर्जत-७, कर्जत-१८४, शेतकरी ते चिखलात उभं राहून लावतो, आणि आपण गिरणीत जाऊन सांगतो, "अजून एक हात मारा, पांढरा झाला पाहिजे." न सडलेल्या तांदळात शंभर ग्रॅमला साधारण साडेचार ग्रॅम चोथा, पांढऱ्यात पावणेतीन. दोन वेळा भात खाणाऱ्या तालुक्यात हा फरक साठत जातो. सिंगल पॉलिश मागावं. आजी म्हणतील, "आमच्या वेळी हातसडीचाच होता." मग त्यांना पुढे बोलू द्यावं, त्यांच्या बोलण्यात छोटे साहेब चार घास जास्त खातात.

पायरी चौथी: बाजार

ही पायरी पावसाळ्यातच करता येते. जून सुरू झाला की खोपोलीच्या बाजारात रस्त्याकडेला ठाकूर आणि कातकरी बायका पाट्या घेऊन बसतात. पानांवर वाटे लावलेले असतात: टाकळा, कुर्डू, भारंगी, फोडशी, कंटोली. प्लॅस्टिकच्या पिशवीत काही नाही, लेबल नाही, ‘हाय फायबर’ असं छापलेलं नाही. त्यामुळे सुपरमार्केटमधून परदेशी ओट्सचा डबा आणणारे लोक इथून छत्री सावरत पुढे निघून जातात.

सदर व्यक्तीला बरोबर न्यावं. घरी आलेली भाजी ही शिक्षा असते, बाजारात हाताने निवडलेली भाजी ही खरेदी असते. भाव त्यांनाच विचारू द्यावा.

"मावशी, हे काय गवत आहे?"

"फोडशी हाय रं. कवली हाय, ने."

छोटे साहेब आईकडे वळून, "मी काय गाय आहे का?" या प्रश्नाचं उत्तर देऊ नये. जुडी पिशवीत टाकावी.

फोडशी दिसते खरंच गवतासारखी: लांब पाती, खाली पांढरट बुंधा, मुळांशी लाल माती. ती माती दोन पाण्यांत जात नाही, चार लागतात. बुंध्याचा जून भाग काढून टाकावा, पाती बारीक चिरावीत. तेलात लसूण, हिरवी मिरची, भरपूर कांदा, भिजवलेली चणाडाळ, मग भाजी. पातेलंभर भाजी शिजून वाटीभर होते, आणि नवशिक्यांचं मनोधैर्य इथे सर्वाधिक खचतं. पण ती वाटी तांदळाच्या भाकरीबरोबर खाऊन बघा.

कंटोली सोपी. हिरवी, अंगभर मऊ काटे. छोट्या साहेबांना ती दिसायलाच आवडते. पातळ चकत्या करून तव्यावर थोड्या तेलात कुरकुरीत केल्या, वर तिखट-मीठ भुरभुरलं की त्या ताटापर्यंत पोचतच नाहीत. कोवळ्या बियांसकट खाव्यात.

शेवळं मात्र नवशिक्यांनी करू नयेत. पहिल्या पावसाच्या आगेमागे ती येतात. आतल्या दांड्याचा पिवळा भाग काढावा लागतो, आणि आंबट काकडं किंवा चिंच घातली नाही तर घसा खाजतो. तो खाजला, की सदर व्यक्तीला पुढची दहा वर्षं पुरणारा पुरावा मिळतो. शेवळं सासूबाईंवर सोडावीत.

आता गणित. मुलांच्या खाण्यावर ज्यांनी अभ्यास केला ते सांगतात की नवी चव आपलीशी व्हायला ती आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळाही समोर यावी लागते. आपण तिसऱ्या वेळी जाहीर करतो, "त्याला नाही हो आवडत." तेही पाहुण्यांसमोर, आणि त्याच्या देखत. त्याने स्वतः अजून ठरवलेलं नसतं. आपण ठरवून देतो. फोडशी कोवळी मिळते महिना-दीड महिना. आठवड्यातून एकदा केली तर एका पावसाळ्यात पाच वेळा. म्हणजे पंधराचा कोटा पुरा व्हायला तीन पावसाळे लागणार. पहिलीत असलेल्या मुलाने चौथीत जाईपर्यंत फोडशी खाल्ली तर आपण वेळापत्रकाप्रमाणे चाललो आहोत असं समजावं. मोठ्या साहेबांनी चाळीस पावसाळे आधीच वाया घालवले आहेत. त्यांना सवलत नाही.

एलिन सॅटर नावाच्या अमेरिकन आहारतज्ज्ञ बाईंनी या बाबतीत कामाची वाटणी करून दिली आहे. काय, कधी आणि कुठे खायचं हे मोठ्यांनी ठरवायचं. किती खायचं, आणि खायचं की नाही, हे मुलाने. वाटणी उत्तम आहे. फक्त आपल्याकडे ‘मोठे’ म्हणजे आई, बाबा, आजी, आजोबा आणि सुट्टीला आलेली आत्या. आईने ‘काय’ ठरवलं की आजी मागच्या दाराने बिस्किट ठरवते. आधी आजीची परवानगी घ्यावी, मग सॅटरबाईंची.

पायरी पाचवी: वाल

रायगड जिल्ह्यात चोथ्याचा विषय निघाला आणि वाल आले नाहीत असं होत नाही. कडवे वाल रात्री भिजत घालायचे, सकाळी उपसून फडक्यात बांधायचे, दुसऱ्या दिवशी मोड आले की कोमट पाण्यात टाकून एकेक सोलायचा. अंगठा आणि तर्जनीत दाबला की डाळिंबी सुटून उडते, साल हातात राहतं. तासभर ते चालतं. मग नारळ, गूळ, आमसूल घालून बिरडं होतं, आणि सोललेल्या सालांचा ढीग बाहेर जातो. शेजारी शेळी असेल तर तिला कधी बद्धकोष्ठ होत नाही.

साल ठेवून बिरडं करा असा सल्ला मी देणार नाही. कडव्या वालाचं साल चिवट आणि कडू. तसं बिरडं केलं तर चोखंदळ माणूसच काय, घरातला निमूट माणूसही ताट सरकवेल. वालाचा मार्ग दुसरा आहे, आणि तो ताटातून जात नाही.

भाताची कापणी झाली की शेतात उरलेल्या ओलीवर वाल लावतात. थंडीत शेंगा भरतात आणि जिल्हाभर पोपट्या सुरू होतात. मडक्याच्या तळाला भांबुर्डीचा पाला. त्यावर न सोललेल्या शेंगा, जाडं मीठ, ओवा. मधल्या थरांत बटाटे, रताळी, कांदे, अंडी. खात असाल तर मसाला लावलेलं चिकन केळीच्या पानात बांधून. वर पुन्हा शेंगा, आणि तोंडाशी पाला गच्च कोंबायचा. पाण्याचा थेंबही नाही. मडकं उपडं ठेवून भोवती पेंढा, काटक्या, पाचोळा रचायचा आणि पेटवायचा. अर्ध्या तासाने कुणीतरी अनुभवी काका मडक्यावर पाण्याचा शिंतोडा मारतात. चर्र झालं की झाली.

आता सदर व्यक्तीचं निरीक्षण करावं, पण लांबून. अंधार असतो, त्यामुळे पंचनामा करता येत नाही. कागदावर ओतलेल्या शेंगांतून वाफ येते, भांबुर्डीचा उग्र वास येतो, बोटं काळी होतात. दुसरी पोरं ओढून खात असतात, म्हणून छोटे साहेबही ओढतात. शेंग दातात धरून सर्रकन ओढली की चार दाणे तोंडात, सालासकट. घरी वालाचं नाव काढलं तर पोट दुखतं तेच हे दाणे. पंधरा-वीस शेंगा होतात. रताळंही सालासकट जातं, कारण सोलायला कुणाला वेळ नाही. मोठे साहेब तर वाकून दुसऱ्यांच्या पुढ्यातल्या शेंगा उचलत असतात.

या क्षणी "बघ, आवडले ना वाल!" हे वाक्य उच्चारल्यास आतापर्यंतची सर्व प्रगती रद्द समजावी.

हाच नियम उन्हाळ्यात करवंदांना आणि जांभळांना लागू. घाटात किंवा गाडीत पळसाच्या द्रोणात विकत घेतलेली करवंदं पौष्टिक असतात हे कुणी सांगितलेलं नसतं, म्हणूनच ती संपतात. पेरूचंही तेच: तक्त्याप्रमाणे शंभर ग्रॅमला आठ ग्रॅमच्या वर चोथा, सफरचंदात अडीच. तरी आजारी माणसाला भेटायला जाताना आपण सफरचंदच नेतो, आणि तेही तिथे सोलून देतो.

पायरी सहावी: पाणी

खोपोलीकरांना हे समजावून सांगायला नको. १९१५ पासून घाटमाथ्यावरच्या तलावांचं पाणी मोठ्या नळांतून खाली येतं, टाटांच्या वीजघराची चाकं फिरवतं आणि पुढे पाताळगंगेला मिळतं. वरून पाणी आलं नाही तर खाली चाक फिरत नाही. पोटातही चोथा घातला आणि पाणी घातलं नाही तर चाक जाम होतं, आणि मग सगळा दोष बिचाऱ्या फोडशीवर येतो. चोथा हळूहळू वाढवावा. सोमवारी शून्य आणि मंगळवारी पंचवीस ग्रॅम असं केलं तर बुधवारी घरात खिडक्या उघड्या ठेवाव्या लागतात.

चोथ्याची महती साहेबांच्या देशात पोचवली ती डेनिस बर्किट या आयरिश सर्जनने. युगांडात कंपालाला वर्षानुवर्षं काम करताना त्याच्या ध्यानात आलं की भरड खाणाऱ्या खेड्यातल्या माणसांना युरोपातल्या लोकांचे पोटाचे कितीतरी विकार होतच नाहीत. मग १९७०च्या दशकात तो लोकांच्या पोटातून काय, किती आणि किती वेळाने बाहेर पडतं याच्या मोजमापावर जगभर व्याख्यानं देत हिंडला. आपल्याकडे हेच संशोधन घरातले आजोबा रोज सकाळी दाराबाहेरून, "झालं का रे?" असं विचारून करत असतात. त्यांना कुणी व्याख्यानाला बोलावत नाही.

मुलाचं पोट सारखं दुखत असेल, रक्त दिसलं, किंवा आठवडाभर संडासलाच होत नसेल, तर ही पुस्तिका मिटावी आणि डॉक्टरांकडे जावं. यात थट्टा नाही.

शंकासमाधान

शंका: इसबगोल चालेल का?
समाधान: चालतो, भरपूर पाण्याबरोबर. पण रात्री इसबगोल घेऊन दिवसा पावभाजी खाणाऱ्या मोठ्या साहेबांना ‘चोथाप्रवेशिका उत्तीर्ण’ असं प्रमाणपत्र देता येत नाही.

शंका: उसाचा रस?
समाधान: चोथा गुऱ्हाळवाल्याकडे राहिला. आपण साखर प्यालात.

शंका: मोठे साहेब म्हणतात की त्यांनी ही पुस्तिका वाचली, त्यांना पटली, आणि काल आमटीतल्या शेवग्याच्या आठ शेंगा त्यांनी संपवल्या. किती ग्रॅम धरायचे?
समाधान: ताटाच्या कडेला चावून ठेवलेला ढीग आधी वजा करावा, मग विचारावं.